छाया मॅडमची कोंबडी

छायाला मी पुष्कळ गोष्टी शिकवल्या, पण सगळ्यांत आधी शिकवलं ते खोटं बोलायला. आणि पोरगी इतकी सरळ, की एवढं एक वाक्य धड खोटं बोलेपर्यंत तिनं माझ्या नाकी नऊ आणले.

"म्हण, मला रांगोळी येत नाही."

"पण मॅडम, येते ना मला."

"येत नाही. म्हण."

"मला रांगोळी... मॅडम, हसू येतंय."

हे सगळं चाललं होतं आमच्या नाशिकच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाआड. साल १९९२, जून महिना. मी मंदाकिनी गायधनी, विभागप्रमुख. ती छाया विधाते, त्याच महिन्यात लागलेली नवी लेक्चरर. बी.एस्सी.ला ती माझीच विद्यार्थिनी होती. पुढे पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाली, नेट पास झाली आणि परत आमच्याकडेच आली. तिची नेमणूक व्हावी म्हणून मी कुणाकुणाशी भांडले ते इथे सांगत बसत नाही, कारण भांडणं मी तशीही करतच असते.

तिच्या नेमणुकीचं पक्कं झालं त्या दिवशी मी पेढे घेऊन मखमलाबादला तिच्या घरी गेले. विधात्यांचा तिथे फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध. वडील खंडेराव पिकवायचे आणि आई सखुबाई रोज सकाळी पंचवटीच्या बाजारात पाट्या घेऊन बसायची. मी फाटकातून आत शिरले आणि पाय तसाच वर राहिला. अंगणभर मोर होता. उंबऱ्यापाशी चोच आणि पिसारा पार गोठ्यापर्यंत. ठिपके दिलेले नव्हते, कुठे खोडलेलं नव्हतं, हात उचललेलासुद्धा दिसत नव्हता.

"कुणी काढली?"

"आमच्या छायानं," सखुबाई म्हणाल्या. "तिला लय नाद हाय, बाई. सणावाराला समदी आळी तिलाच बोलावती."

कौतुकाचा शब्दही न काढता मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात कोंबला. तुम्हाला वाटेल, बाईंना कौतुक करवत नाही. तसं नाही. त्याचं कारण माझा गळा.

माझा गळा चांगला होता. कॉलेज सुरू झालं तेव्हाच मी तिथे रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "गाता का?" मी मूर्खासारखी म्हणाले, "थोडंसं." त्या थोड्याशानं माझी उमेदीची सगळी वर्षं गिळली. मंत्री आले, स्वागतगीत. साखर कारखान्याचे चेअरमन आले, स्वागतगीत. एकदा तर नुसता पंप बसवला, त्याच्या उद्घाटनाला स्वागतगीत. गाणं तीन मिनिटांचं, पण मुली गोळा करा, तालमी घ्या, पेटी आणा, पेटीवाल्याला आणा. पीएच.डी.साठी मी नाव नोंदवलं होतं, गोदाकाठच्या शेवाळांवर. शेवाळं गोदावरीत वाढत राहिली आणि मी सुस्वागतम् म्हणत राहिले. नोंदणीची मुदत कधी संपली ते मला कळलंही नाही.

आणि कुणी जबरदस्ती केली म्हणाल तर अजिबात नाही. कुणी दरडावलं असतं तर मी उलट दरडावलं असतं, ते मला उत्तम जमतं. पण प्राचार्य हात जोडून म्हणायचे, "गायधनी मॅडम, तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्हाला इतकं छान जमतं." या वाक्यापुढे माणूस गार पडतो. माझ्याबरोबरच्या मराठीच्या बाई अशाच पाहुण्यांना ओवाळण्यात संपल्या, इंग्रजीच्या बाई सूत्रसंचालनात. त्या काळी आमच्या कॉलेजात एकही बाई डॉक्टरेट झालेली नव्हती. पुरुष पाच-सहा होते, आणि त्यांतल्या एकालाही ओवाळता येत नव्हतं.

छायाचं हे असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी त्या मोरासमोर उभी राहून ठरवलं. ती डॉक्टरेट होणार, आणि वेळेत होणार. म्हणून कपाटाआडची ती शिकवणी.

स्टाफ मीटिंगमध्ये पंधरा ऑगस्टचा विषय निघाला. प्राचार्य खुशीत होते. "नवीन मॅडम आल्यात. रांगोळी यंदा विधाते मॅडमकडे."

छाया उभी राहिली. कान लालबुंद. "सर, मला रांगोळी येत नाही."

मी मनात म्हटलं, शाब्बास. पण प्राचार्य हसले. "अहो, बाईमाणसाला थोडीफार येतेच की. साधा मोर काढा. आपल्या बोधचिन्हात आहे तसा."

झाली का पंचाईत! आता हिला वाईट मोर काढणं भाग होतं. दुपारी प्रयोगशाळेच्या फरशीवर मी तिला खडू देऊन बसवलं. तिनं मान वाकडी काढली, ती ऐटबाज दिसायला लागली. तिनं पाय जाड काढले, तर मोर तालमीतला वाटू लागला, पण मोरच. "मॅडम, हात वाकडा वळतच नाही," ती रडकुंडीला आली. मी डोकं धरून बसले. चांगलं काढता येत नाही म्हणून रडणारे विद्यार्थी मी आयुष्यभर पाहिले होते, हे नवीनच.

"डाव्या हातानं काढ," मी शेवटी म्हणाले.

पंधरा ऑगस्टला सकाळी ध्वजस्तंभासमोर तो मोर अवतरला. प्राचार्य टोपी सारखी करत आले, थांबले, वाकून पाहिलं. "ही... कोंबडी का?"

"मोर आहे, सर."

"बरं, बरं."

तेवढ्यात झेंडावंदनाला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांनी एकदा रांगोळीकडे पाहिलं आणि भर अंगणात विचारलं, "प्राचार्य, कुक्कुटपालनाचा कोर्स कधी चालू केला?"

झालं. छाया मॅडमची कोंबडी कॉलेजात अमर झाली. कुणाचा प्रयोग फसला की मुलं म्हणायची, कोंबडी झाली. ऑफिसातल्या क्लार्कचा हिशेब जुळेना की तोही म्हणायचा, कोंबडी. रांगोळी गेली रसायनशास्त्राच्या जीवन सरांकडे. हा माणूस इतकी वर्षं मनातल्या मनात रंग कालवत बसला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पुढच्या समारंभाला असा काही गालिचा घातला की अध्यक्ष चपला काढून उभे राहिले. जीवन सर खूश, प्राचार्य खूश, आणि छायाच्या दुपारी मोकळ्या.

त्या दुपारी ती काय करायची? करपा बघायची. झेंडूच्या पानांवर आधी बारीक डाग येतात, मग पान कडेपासून वाळत जातं, त्याला त्यांच्याकडे करपा म्हणतात. लहानपणापासून तिनं घरच्या मळ्यात तो पाहिला होता, आता ती तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. विषय चांगला होता, पण मार्गदर्शक हवा होता. मी स्वतः डॉक्टरेट नाही, मी कसलं मार्गदर्शन करणार! म्हणून मी तिला एस.टी.त घालून पुण्याच्या एका परिषदेला घेऊन गेले.

तिथे ती माझ्या शेजारी अंग चोरून बसली. एक मोठे प्राध्यापक याच रोगावर बोलत होते. पाऊस पडून गेल्यावर करपा येतो, असं काहीसं. मला शेजारी तिची चुळबुळ जाणवत होती. भाषण संपलं, "काही प्रश्न?" असं विचारलं गेलं, आणि ही गप्प. मी तिला कचकचीत चिमटा काढला. ती ताडकन उभी राहिली आणि तिची मखमलाबादची बोली सगळ्या सभागृहात घुमली.

"पन सर, आमच्याकडं तर पावसाच्या आधीच येतो की!"

"आमच्याकडं म्हणजे कुठे?"

"आमच्या मळ्यात."

लोक हसले. छाया खाली बसली ती जवळजवळ खुर्चीखालीच. पण ते प्राध्यापक हसले नव्हते. चहाच्या वेळी ते तिला शोधत आले आणि मळा बघायला कधी येऊ, असं विचारू लागले. तेच पुढे तिचे मार्गदर्शक झाले. परतीच्या वाटेवर नारायणगावला एस.टी. थांबली तेव्हा ती दंडावरचा काळानिळा डाग मला दाखवून म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी मी आपणहून उठेन. चिमटा नका काढू."

"बघू," मी म्हटलं. मला तिचं इतकं कौतुक वाटत होतं की मी तिला तिथल्या तिथे दोन वडे खायला घातले.

मधे तिचं लग्न झालं. मुलगा मनमाडचा, रेल्वेत नोकरीला, नाव सोमनाथ. माझं स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं मला फारसं दुःख नाही, पण त्यामुळे नवरे या जातीबद्दल माझा अनुभव कमी. म्हणून साखरपुड्याआधीच मी त्याला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. "बघ, हे करप्याचे बीजाणू. हिचं हे असं आहे. हे सुटणार नाही."

त्यानं बराच वेळ डोळा लावला. मग म्हणाला, "मॅडम, छान दिसतंय."

एवढ्यावर मी त्याला पास केलं. शोधनिबंधांवर तिचं आडनाव मात्र विधातेच ठेवायला लावलं, आणि त्यावर तो काही बोलला नाही म्हणून त्याचे मार्क वाढवले. पंचवटी एक्स्प्रेसनं छाया मनमाडहून नाशिक रोडला येऊ-जाऊ लागली. वाचन गाडीत, शिकवणं कॉलेजात, प्रयोग रविवारी माहेरच्या मळ्यात. ती वाळत चालली होती आणि काम पुढे सरकत नव्हतं.

यावर उपाय एकच होता. युजीसीची टीचर फेलोशिप. दोन वर्षं पगारी रजा मिळते, माणूस विद्यापीठात बसून पीएच.डी. पुरी करतो. आमच्या कॉलेजातून त्या वर्षी एकच नाव जाणार होतं आणि त्यावर प्राचार्यांची सही लागणार होती. साल १९९७. छायाचे मार्गदर्शक दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. म्हणजे आत्ता गेली तर गेली, नाहीतर माझी शेवाळं आणि तिचा करपा एकाच वाटेनं जाणार, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. प्राचार्यांनी तोंडी होकार दिला होता. सही तेवढी बाकी होती.

आणि नेमका त्याच वर्षी कॉलेजचा रौप्यमहोत्सव.

महोत्सवाच्या तयारीची पहिली मोठी बैठक होती, संस्थेचे सगळे विश्वस्त येणार होते. हार-तुरे विधात्यांच्या मळ्यातून मागवले होते. एरवी खंडेराव टेम्पोत पाट्या टाकून पाठवून द्यायचे, पण लेकीचं कॉलेज म्हणून त्या दिवशी सखुबाई स्वतः आल्या. नवं लुगडं नेसून, डोईवर झेंडूची पाटी घेऊन. दारात जीवन सर गुडघ्यावर बसून रांगोळीत रंग भरत होते. प्राचार्य शेजारी उभे राहून दाद देत होते. मी जिन्यावरून खाली येत होते.

सखुबाईंनी पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवून रांगोळी न्याहाळली आणि म्हणाल्या, "बरी हाय. पन आमच्या छायानं काढली असती, तर बघत ऱ्हायला असता."

प्राचार्य म्हणाले, "तुमच्या छायाला रांगोळी येते?"

"येती म्हंजी? मखमलाबादात कुनालाबी इचारा! मोर तर असा काढती, आता उडंल का मग उडंल!"

मी जिन्यातच कठड्याला धरून उभी राहिले. छाया दारातून येत होती. तिनं आईकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बिचाऱ्या सखुबाईंना वाटलं लेक दमलीय, म्हणून त्यांनी तिला पाणी प्यायला सांगितलं.

बैठकीनंतर प्राचार्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले होते.

"इतकी वर्षं, विधाते मॅडम? मी काय तुम्हाला खात होतो?"

त्यांनी समोरचा छायाचा अर्ज बाजूला सरकवला.

"असो. महोत्सव पाच दिवसांचा आहे. सगळी सजावट तुमच्याकडे देतो. रजेचं आपण पुढच्या वर्षी बघू, कुठे पळून जाते ती?" त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्हाला इतकं छान जमतं."

आलं. तेच वाक्य, तोच मऊ आवाज. छायाच्या ओठांवर "हो, सर" येताना मला दिसलं. आता ती हो म्हणाली की संपलं.

"सर," मी म्हटलं, "माझा घसा बरा झालाय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. सांगायचं राहिलं, छाया लागली त्याच वर्षी मी डॉक्टरांनी गायला बंदी केलीय असं जाहीर केलं होतं. तिला एक खोटं शिकवलं तेव्हा स्वतःसाठीही एक बनवून घेतलं. मला उशीर झालेला होता, पण निदान दुपारी तरी माझ्या झाल्या होत्या.

"पाचही दिवस गाते," मी म्हणाले. "स्वागतगीत, समूहगान, मुलींच्या तालमी, सगळं माझ्याकडे. रांगोळी जीवन सरांकडेच राहू द्या, त्यांचं काय चुकलं? तुम्ही फक्त छायाच्या अर्जावर सही करा. आत्ता, माझ्यासमोर."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "म्हणजे घसाही खोटा होता?"

"हो, सर."

"तुमच्या वनस्पतिशास्त्रात खरं काय आहे हो?"

"करपा," छाया हळूच म्हणाली.

मग प्राचार्य असे हसले की बाहेरचा शिपाई दार उघडून आत बघायला लागला. हसता हसताच त्यांनी पेन काढलं आणि सही केली. माणूस वाईट नव्हता हो. आमचं सगळं जे काही झालं ते चांगल्या माणसांनीच केलं होतं, हेच तर सांगतेय.

मी पाच दिवस गायले. शेवटच्या दिवशी आवाज इतका बसला की आभार मानायला उठले आणि नुसतेच ओठ हलले. पहिल्या रांगेत सखुबाई बसल्या होत्या, त्या जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या. छाया तेव्हा पुण्याला होती, तिची रजा सुरू झाली होती.

२००० साली ती डॉक्टर झाली. आमच्या कॉलेजातली पहिली बाई. विभागाच्या दारावर 'डॉ. छाया विधाते' अशी पाटी लागली, त्या दिवशी मी पाटीखाली उभी राहून सगळ्या मुलांदेखत रडले. एरवी मुलं मला घाबरायची, त्या दिवसापासून घाबरेनाशी झाली. तेही नुकसान मी सोसलं.

आता खरं म्हणजे इथे गोष्ट संपायला हवी. पण २००४ साल यायचं होतं, माझ्या निवृत्तीचं.

माझं सगळं ठरलेलं होतं. माझ्या खुर्चीत छाया बसणार. वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं, मागचं रोपगृह, मी जमवलेल्या शेवाळांच्या काचेच्या बरण्यांची रांग, हे सगळं तिच्या हाती देऊन मी पंचवटीच्या घरी निवांत बसणार आणि रोज दुपारी चक्कर मारून तिच्या कामात नाक खुपसणार. किल्ल्यांच्या जुडग्याला मी नवी लाल दोरीसुद्धा बांधून ठेवली होती.

आणि एके दिवशी छाया त्याच सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाआड येऊन म्हणाली, "मॅडम, विद्यापीठात रीडरची जागा निघालीय. मला मुलाखतीला बोलावलंय. ह्यांचीही पुण्याला बदली होऊ शकते."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

"छान," मी म्हटलं. "पण तिथेच कशाला जायला हवं? इथे काय कमी आहे? आणि सृष्टीची शाळा?" सृष्टी म्हणजे तिची मुलगी, नुकतीच बालवाडीत जायला लागलेली. "पोरं तुझ्यावर जीव टाकतात. रोपगृह तू उभं केलंस. मी आता चालले. हा विभाग कोण बघणार? तुझ्याशिवाय कोण करणार, छाया? तुला इतकं छान जमतं."

मी बोलले, पण मला ऐकू आलं नाही. तिला आलं.

ती फरशीकडे बघत उभी राहिली. कान लाल होत गेले. मग तिनं वर पाहिलं, आणि पंधरा ऑगस्टच्या मीटिंगमध्ये केला होता अगदी तसा भोळा चेहरा केला.

"मॅडम, मला विभाग सांभाळता येत नाही."

"काय म्हणालीस?"

"येत नाही मला." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "डाव्या हातानं सांभाळून दाखवू का?"

माझा पारा चढला. मी पर्स उचलली, किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि निघाले. रिक्षा केली. इतकी कृतघ्न पोरगी, माझीच शिकवण माझ्यावर उलटवते, असं काय काय मनात बोलत होते. रिक्षा पुलावर आली. खाली गोदावरीच्या काठाला नेहमीसारखी हिरवीगार शेवाळं होती. आणि तिथे मला माझंच वाक्य ऐकू आलं. सगळंच्या सगळं. प्राचार्यांनी मला म्हटलेलं, त्यांनी छायाला म्हटलेलं, तेच. फक्त मी ते त्यांच्यापेक्षा गोड म्हटलं होतं, कारण माझं तिच्यावर प्रेम होतं.

"मागे फिरव," मी रिक्षावाल्याला म्हणाले.

"काय विसरलं का, मावशी?"

"हो. लवकर चल."

ती अजून कपाटाआडच होती. स्टुलावर बसून प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला नाक पुसत होती. डॉक्टर झाली तरी रुमाल ठेवायची अक्कल नाही. मी शेजारचं स्टूल ओढलं.

"मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, घर आणि मुलगी कशी सांभाळणार? पुरुषांना विचारत नाहीत, तुला विचारतील. काय सांगशील?"

तिनं नाक ओढलं. थोडा विचार केला.

"म्हणेन, ह्यांना इतकं छान जमतं. त्यांच्याशिवाय कोण करणार?"

मी हसायला लागले ते थांबेचना. ती रडत होती, तीही हसायला लागली. मग मी तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं, चिमटे मात्र पुष्कळ काढले होते. नंतर दिवे लागेपर्यंत आम्ही मुलाखतीची तयारी केली. मी खवचट तज्ज्ञ झाले होते, आणि ती सगळ्या प्रश्नांना पुरून उरली.

तिची निवड झाली. विभाग आता जीवन सरांसारखाच कुणीतरी कामाचा माणूस सांभाळतोय, बरा सांभाळतोय. माझ्याशिवायही चाललं, छायाशिवायही चालतंय.

ज्या दिवशी ती सामान घेऊन पुण्याला निघायची होती, त्या सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं आणि पाय वरच राहिला. आमची पंचवटीची गल्ली ती केवढी, दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. पण माझ्या उंबऱ्यापासून पार समोरच्या भिंतीपर्यंत मोर होता. तोच, मखमलाबादच्या अंगणातला. ठिपके नाहीत, खोडाखोड नाही. टू-व्हीलरवाले पाय टेकवून पिसाऱ्याला वळसा घालून जात होते. आणि मोराच्या पायाशी, कोपऱ्यात, डाव्या हातानं काढलेली एक वेडीवाकडी कोंबडी.

समोरच्या भागीबाई भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. त्या रांगोळीपाशी थबकल्या.

"कोनी काढली वो, बाई? लय भारी हाय. पन मोरापाशी ही कोंबडी कशाला?"

"कोंबडी आमच्या छायाची," मी म्हटलं.

"आन मोर?"

"ते मला ठाऊक नाही, भागीबाई. आमच्या छायाला रांगोळी येत नाही."

एवढं बोलून मी आत आले आणि पाणी गरम करत ठेवलं, कारण या वेळी माझा घसा खरोखरच बसला होता.